शाळेत एआय रुळलं की नाही, हे मोजायचं कसं?

पाणंद
शुक्रवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून लिहितेय.

मी मालवण तालुक्यातल्या एका गावात राहते. धाकटी लेक गावच्याच जिल्हा परिषद शाळेत चौथीला, आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर. पहिली ते सातवी, पट ३१, शिक्षक तीन. त्यातल्या एका बाईंकडे मुख्याध्यापकांचा कार्यभार. गेल्या आठवड्यात एका संस्थेची ऑनलाइन प्रश्नावली शाळेत आली, शाळेने कृत्रिम बुद्धिमत्ता कितपत स्वीकारली ते तपासणारी. एआय साधन वापरता का, हो किंवा नाही. किती शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. उपकरणं किती. आठवड्याला तास किती. एक फोटो जोडा, फोटोत विद्यार्थी आणि उपकरण दोन्ही दिसले पाहिजेत. सगळं भरून झालं की शंभरपैकी गुण आणि शाळेवर शिक्का: सज्ज, वाटचालीत किंवा मागे.

बाईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला नि म्हणाल्या, "सांगा, आपण ह्यात कुठे?" मला काही सांगता येईना. बाई स्वतः रोज रात्री फोनवर एआयकडून स्वाध्याय करून घेतात. मुलं त्याला हातसुद्धा लावत नाहीत. मग हो लिहायचं की नाही?

सोमवारपर्यंत भरायचंय. पण माझा प्रश्न तेवढ्यापुरता नाही. १ मे २०२५ पासून आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या प्रशासनात एआय आलं, 'देशातला पहिला एआय जिल्हा' म्हणून बातम्या झाल्या. २०२६-२७ पासून तिसरीपासून पुढे एआय शिकवणार असं केंद्रानेही जाहीर केलंय. म्हणजे शाळांना गुण देणारे आता रांगेने येणार. तुमच्या मते त्यांनी नक्की काय बघावं?

बांगडा_फ्राय
शुक्रवार, रात्री ९:१५

मी पयलो! लाईट इली की वाचतंय.

सड्यावरचा_गुरुजी
शुक्रवार, रात्री ९:५८

ताई, तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. मी राजापूर तालुक्यात अठरा वर्षं प्राथमिकला आहे. एक गोष्ट सांगतो.

२०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर आला, त्याच्या मागोमाग डिजिटल शाळेची लाट आली. आमच्या वाडीने वर्गणी काढली, मुंबईच्या मंडळाने भर घातली. प्रोजेक्टर आला, पडदा आला, नारळ फुटला. पेंटरने भिंतीवर फूटभर अक्षरांत 'डिजिटल शाळा' रंगवलं. पहिलं वर्ष पोरं खरंच खूश होती, नाही म्हणणार नाही. दुसऱ्या वर्षी वळवाचा पाऊस आला नि दुपारी वीज पडली. मीटरपासून प्रोजेक्टरपर्यंत सगळं काळं. दुरुस्तीवाला चिपळूणचा, तो म्हणाला ह्याचा बोर्ड बदलण्यापेक्षा नवीन घ्या. नवीन कोण घेणार?

पण गंमत पुढेच आहे. त्यानंतर जेवढे फॉर्म आले त्या प्रत्येकात आमची शाळा 'डिजिटल: हो' अशीच गेली. एका वर्षी मी 'नाही' टाकलं तर वरून फोन: "गुरुजी, गेल्या वर्षी हो होतं, आता नाही कसं? आपल्या केंद्रातल्या शाळांची आकडेवारी खाली येते." मी परत हो केलं. यंत्र मरून नऊ वर्षं झाली, भिंतीवरची अक्षरं मात्र दर दिवाळीला रंग खाऊन ताजी आहेत.

एआयचंही असंच होणार. हो-नाही विचाराल तर होच मिळेल.

चाकरमानी_डोंबिवली
शुक्रवार, रात्री १०:२०

गुरुजी, किस्सा जबरदस्त, पण त्यातून मोजूच नये असं निघत असेल तर मला पटत नाही. मी दिवसभर आकड्यांचंच काम करतो. तुमच्या फॉर्मचा दोष मोजण्यात नव्हता, प्रश्नात होता. "आहे का" ऐवजी "गेल्या सात दिवसांत किती वेळा चालू केलं" विचारलं असतं तर प्रोजेक्टर पहिल्याच वर्षी पकडला गेला असता.

आणि आकड्यांशिवाय निधी हलत नाही हेही बघा. यू-डायस प्लस, म्हणजे सरकारची शाळांची माहिती गोळा करणारी यंत्रणा, तिच्या २०२४-२५ च्या आकड्यांत देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट दिसतं. आदल्या वर्षी ते ५७.२ आणि ५३.९ होतं. जिथे तेवढंही नाही तिथे एआयची बात म्हणजे विहिरीआधी पंपाची खरेदी. हे कळलं कसं? कुणीतरी मोजलं म्हणूनच ना?

माझ्या मते आधी साधन पोचलं का बघा, मग ते वापरात आहे का, मग त्याने शिकवण्यात काही बदललं का, आणि शेवटी पोरांना जास्त येऊ लागलं का. चार मजले. तुमच्या प्रश्नावलीने तळमजला बघून आख्ख्या इमारतीला गुण दिलेत.

सड्यावरचा_गुरुजी
शुक्रवार, रात्री १०:३१

इंटरनेट आमच्या शाळेतही आहे हो. माझ्या खिशात. रिचार्ज माझा, आणि रेंज हवी तर पिंपळाच्या पारावर जायचं. तुमच्या ६३.५ मध्ये तो पार धरलाय का?

चाकरमानी_डोंबिवली
शुक्रवार, रात्री १०:३३

:) पारासाठी वेगळा रकाना काढायला हवा.

काजूबी
शुक्रवार, रात्री ११:०५

मी चिपळूणची. मुलगा इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत नववीला. नाव सांगत नाही. प्रवेशाच्या वेळी आम्हाला चकचकीत खोली दाखवली, दारावर 'एआय लॅब'. सीबीएसईने २०१९ पासूनच हा विषय आणलाय, त्यामुळे पुस्तक आहे, तास आहे, पेपर आहे, गुण आहेत. तुमच्या प्रश्नावलीत ह्या शाळेला शंभरपैकी पंच्याण्णव मिळतील.

परवा मुलाची वही चाळली. 'कृत्रिम बुद्धिमत्तेची पाच वैशिष्ट्ये लिहा.' खाली पाच वैशिष्ट्ये, लाल शाईत बरोबरची खूण. त्याला म्हटलं, ह्यातलं तिसरं म्हणजे काय रे? म्हणाला, "आई, ते पाठ आहे, विचारू नकोस."

लॅबमध्ये सगळे आठवड्यातून एकदा जातात, चपला बाहेर काढून.

शाईपेन
शनिवार, सकाळी ६:४०

सकाळी चहाबरोबर धागा वाचला. निवृत्त मुख्याध्यापक आहे, त्यामुळे वेळ भरपूर आणि मतं त्याहून.

मोजण्याबद्दल आपण कोकणातल्यांनी तरी जपून बोलावं. कोकण विभागीय मंडळ २०१२ ला सुरू झालं आणि तेव्हापासून दहावीत आपण राज्यात पहिले. २०२५ ला ९८.८२ टक्के. दर जूनमध्ये... चुकलो, आता निकाल मे महिन्यातच लागतो... पेपरात 'कोकणच अव्वल' असा मथळा. मला अभिमान आहेच. पण त्या ९८.८२ मधल्या किती पोरांना बँकेचा फॉर्म स्वतः भरता येतो? टक्केवारी खोटी नाही. मात्र तिने जे मोजलं तेवढंच मोजलं, बाकी आपण आपल्या मनाने त्यात भरलं.

एआयच्या गुणांचंही तसंच होईल. 'सज्ज' असा शिक्का बसला की पालक समजणार, शाळा चांगली आहे.

तिरफळ
शनिवार, सकाळी ९:१५

शाईपेन सरांना +१. माझं काम शिक्षणातल्या सर्वेक्षणांशी जवळचं आहे, म्हणून थोडं लांबण लावते, सांभाळून घ्या.

बाहेर काय मोजतात ते बघा. ओईसीडी ह्या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचं टॅलिस नावाचं शिक्षकांचं सर्वेक्षण आहे. २०२४ च्या फेरीत सरासरी तिघांपैकी साधारण एका शिक्षकाने कामात एआय वापरल्याचं सांगितलं. सिंगापुरात चारांत तीन. फ्रान्समध्ये वीस टक्क्यांच्याही आत. मग फ्रान्सवर 'मागे' असा शिक्का मारायचा का? वापरणारे जास्त म्हणजे शाळा पुढे, हे आपण गृहीत धरतोय. ते सिद्ध झालेलं नाही.

उलट तुर्कस्तानातला प्रयोग बघा. सुमारे हजार मुलं, गणित विषय. काहींना सरावाच्या वेळी नुसता जीपीटी-४ (चॅटजीपीटीसारखा एआय) दिला. सरावातली त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के खाली. आणखी एका गटाला असा एआय दिला होता जो उत्तर सांगत नाही, शिक्षकांनी ठरवून दिलेले इशारे तेवढे देतो. त्या मुलांचं सरावात १२७ टक्क्यांनी सुधारलं आणि नंतरचं नुकसान जवळजवळ झालंच नाही. आता सांगा, 'आठवड्याला किती तास' ह्या रकान्यात हे दोन्ही गट सारखेच दिसतील की नाही?

मला आपल्याकडच्या 'असर' ह्या घरोघरी जाऊन होणाऱ्या शिक्षण सर्वेक्षणाची पद्धत आवडते. २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्के म्हणाली, स्मार्टफोन वापरता येतो. त्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६. पण नुसतं विचारून ते उठले नाहीत. मुलांच्या हातात फोन देऊन सांगितलं: गजर लाव, ही माहिती शोध, हा व्हिडिओ शोधून दाखव. येतं म्हणणं आणि करून दाखवणं ह्यातला फरक तिथेच कळतो. एआयसाठीही असंच काहीतरी हवं. ओईसीडीच्याच पिसा ह्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२९ ला माध्यमं आणि एआय साक्षरतेची चाचणी येणार आहे, पण ती १५ वर्षांच्या मुलांसाठी. पाणंद ताईंच्या चौथीतल्या लेकीसाठी असं काही असल्याचं मला तरी माहीत नाही.

पाणंद, एक विचारू? तुमच्या बाई रात्री नक्की काय करतात एआयबरोबर? मोजायचं ते तिथेच सापडेल असं वाटतं.

पाणंद
शनिवार, सकाळी ११:५०

तिरफळ, काल संध्याकाळी बाईंना हेच विचारायला गेले होते. जमेल तसं लिहिते.

तिसरी-चौथी एका खोलीत बसतात, मिळून नऊ मुलं. त्यातली दोन अजून जोडाक्षरांना अडखळतात, आणि माझी कन्या झालं म्हणून पाच मिनिटांत पाटी वाजवते. म्हणजे एका तासाला निदान तीन प्रकारची गणितं तयार हवीत. आधी बाई जेवण आवरल्यावर जुनी पुस्तकं उघडून दीड तास बसायच्या. आता एआयला सांगतात, वीस मिनिटांत येतं. पुढचा अर्धा तास त्यातल्या चुका काढण्यात. मग हाताने कार्डांवर लिहायचं, कारण प्रिंटर नाही.

सुरुवातीला सगळी गणितं मेट्रोची आणि सफरचंदांची यायची. म्हणून बाईंनी सांगितलं, कोकणातली उदाहरणं दे. तर हे आलं: 'एका झाडाला १५ फणस लागले. प्रत्येक फणसाचे वजन ५०० ग्रॅम आहे. तर एकूण वजन किती किलो?' बाईंच्या नजरेतून सुटलं आणि फळ्यावर गेलं.

वर्ग शांत. मग मागून एक जण: "बाईनू, अर्ध्या किलोचो फणस नसता. ती कुयरी." दुसरा म्हणाला, उत्तर साडेसात किलो आलं, "म्हणजे पंधराय मिळान एकच फणस झालो मा!" हसून हसून पुरेवाट. बाईंनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, मग खरं वजन किती असेल? कोण म्हणे पाच, कोण वीस. भांडण सुटेना. तास संपला पण विषय संपला नाही.

बाई म्हणाल्या, "अंदाज हा धडा दरवर्षी शिकवते, ह्या वर्षी पहिल्यांदा मुलांनी मला शिकवला."

आता हे कुठल्या रकान्यात घालू?

बांगडा_फ्राय
शनिवार, दुपारी १२:०२

लाईट इली. सगळा वाचलंय. एकच प्रश्न: झाड काप्याचा की बरक्याचा?

हापूसद्वेष्टा
शनिवार, दुपारी १२:०९

बरका पंधरा किलोचासुद्धा बघितलाय. आजोळी वेंगुर्ल्याला एक झाड होतं, त्याचा फणस दोघांनी काठीला बांधून आणायचो.

बांगडा_फ्राय
शनिवार, दुपारी १२:११

बरको काय खाता? घशात अडाकता. कापो तो कापो.

हापूसद्वेष्टा
शनिवार, दुपारी १२:१४

आणि सांदणं कसली करणार, काप्याची? बरक्याशिवाय सांदणं नाहीत.

प्रशासक
शनिवार, दुपारी १२:३०

फणसासाठी कृपया नवीन धागा काढावा. (कापा. चर्चा संपली.)

ओटी_पडवी
शनिवार, दुपारी २:४०

मूळ प्रश्नाकडे. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट अजून कुणी बोललं नाही. चॅटजीपीटीच्याच अटींप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नाही, आणि १३ ते १८ मधल्यांना पालकांची परवानगी लागते. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही १८ खालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी.

म्हणजे पहिली ते सातवीच्या शाळेत 'मुलं असं साधन स्वतः वापरतात का' ह्याचं जबाबदार उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असणार. ह्या प्रश्नावलीत त्या 'नाही'ला शून्य. बाईंनी नियम पाळला म्हणून शाळा मागे. आणि मुलांच्या हातात स्वतःचं खातं उघडून फोन दिला असता तर सज्ज!

मुलांचे चेहरे दिसणारा फोटो कुठे जाणार, किती दिवस राहणार, हे फॉर्ममध्ये लिहिलंय का तेही बघा. नसेल तर एआयच्या स्वीकाराबद्दल पहिला प्रश्न शाळेनेच संस्थेला विचारावा.

काजूबी
शनिवार, दुपारी ३:०५

बाप रे. आमच्या शाळेच्या पानावर मुलाचे चाळीस फोटो आहेत. आत्ता मोजले.

माड_पोफळ
शनिवार, रात्री ८:२५

मीही शिक्षिका, वेंगुर्ल्याकडची. आमच्याकडे मुलांचं वाचन ऐकून गुण देणारं एक ॲप आलं होतं. मूल फोनसमोर वाचतं, शब्द बरोबर आला की हिरवा, चुकला की लाल, शेवटी तारे. कल्पना चांगली आहे, मला आवडलीही होती.

तिसरीतला एक मुलगा. ओळ होती, 'राजू शाळेत गेला.' त्याने वाचलं, "राजू शाळेत गेलो." लाल. 'त्याने आंबा खाल्ला', तो वाचतो "तेना आंबो खाल्ल्यान." लालच लाल. एक तारा. त्याच्या शेजारची मुलगी अक्षरन् अक्षर बरोबर वाचून पाच तारे घेऊन गेली. मी विचारलं, राजूने काय खाल्लं? तिला सांगता आलं नाही. ह्या पठ्ठ्याने तर डोळ्यांनी मराठी वाचून तोंडाने मालवणीत उतरवलं होतं! अर्थ कळल्याशिवाय कुणाला जमेल का हे? मशीनच्या लेखी वर्गातला सगळ्यात कच्चा तोच.

वर जायचं काय, तर 'ॲपवर घालवलेली मिनिटं'. आमचा नंबर चांगला होता. का, तर एकदा पोषण आहाराची घंटा झाली, मुलं फोन तसाच चालू ठेवून ताटं घेऊन धावली आणि ॲप चाळीस मिनिटं भांड्यांचा आवाज ऐकत बसलं.

सड्यावरचा_गुरुजी
शनिवार, रात्री ८:४०

"तेना आंबो खाल्ल्यान" ला माझ्याकडून दहा तारे.

माड_पोफळ ताईंच्या गोष्टीवरून सुचलं. शाळेचा एआय बघायचा तर वर्गात जाऊन एवढंच विचारावं: ह्या महिन्यात मशीन कुठे चुकलं, ते तुमच्यापैकी कुणी पकडलं? फणसवाल्या पोराने पकडलं ना! जिथे एकही चूक सापडलेली नाही तिथे एक तर वापर नाही, नाहीतर डोळे मिटून वापर आहे.

चाकरमानी_डोंबिवली
शनिवार, रात्री ९:१०

गुरुजी, कल्पना एक नंबर. फक्त तिचा निर्देशांक करू नका, नाहीतर पुढच्या वर्षी जीआर येईल: 'प्रत्येक शाळेने दरमहा किमान बारा चुका पकडाव्यात, फोटोसह'.

सड्यावरचा_गुरुजी
शनिवार, रात्री ९:१३

आणि 'चूक-पकड नोंदवही', तीन प्रतींत. हाहा. मान्य, मागे घेतो.

चाकरमानी_डोंबिवली
शनिवार, रात्री ९:३५

मागे घेऊ नका. मीच थोडा मागे येतो. काल चार मजले सांगितले तेव्हा डोक्यात एकच प्रश्नावली होती, सगळ्या शाळांना सारखी, सगळ्यांना गुण देणारी. आता वाटतं, दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. वीज, नेट, उपकरण, प्रशिक्षण ही मोजणी शाळेची नव्हेच, ती वरच्यांची. पारावर रेंज शोधावी लागते ह्यात गुरुजींचे गुण का कापायचे? तो शिक्का तालुक्याला, जिल्ह्याला, राज्याला लावा. शिकवण्यात काय बदललं ते मात्र गुण न देता, थोड्या शाळांत बसून बघायला हवं, 'असर'वाले घरी जाऊन बघतात तसं.

पेरूमध्ये ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला होता, स्वस्त लॅपटॉप वाटपाचा. २०१२ च्या सुमारास निकाल आले: लॅपटॉप पोचले, वापरही वाढला, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. माझ्या पहिल्या दोन मजल्यांवर पैकीच्या पैकी, चौथ्यावर भोपळा.

शाईपेन
रविवार, सकाळी ७:०५

आणि एस्टोनिया? सगळे त्याचे गोडवे गातात म्हणून विचारतो.

तिरफळ
रविवार, सकाळी १०:२०

एस्टोनियाने सप्टेंबर २०२५ पासून दहावी-अकरावीच्या सुमारे २०,००० मुलांसाठी शाळेत एआय सुरू केलं, जोडीला शिक्षकांचं प्रशिक्षण. पण आख्ख्या देशाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत, म्हणजे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा कमी. त्यांनी पहिलीला हात लावला नाही, मोठ्या मुलांपासून सुरुवात केली, हे मात्र घेण्यासारखं.

मला नायजेरियाचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं वाटतं. एडो राज्यात २०२४ मध्ये जागतिक बँकेचा प्रयोग झाला. शाळा सुटल्यावर वर्ग, सहा आठवडे, इंग्रजीचा सराव एआयबरोबर, आणि शिक्षक खोलीत हजर. मुलांची चांगली प्रगती दिसली. ती एआयची की हजर असलेल्या शिक्षकाची, ह्यावर वाद घालायला जागा आहे. पण मोजलं काय, तर मुलांना आधी काय येत होतं आणि नंतर काय येऊ लागलं. तास आणि उपकरणं मोजून ते थांबले नाहीत.

पाणंद, तुमच्या बाईंचा रोजचा निम्म्याहून थोडा कमी वेळ वाचतो, बरोबर? दीड तासाची पन्नास मिनिटं झाली. उरलेल्या चाळीस मिनिटांचं त्या काय करतात?

पाणंद
रविवार, दुपारी १:१५

विचारलं. म्हणाल्या, "झोपते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, जोडाक्षरांना अडखळणाऱ्या दोघांना सकाळी प्रार्थनेआधी अर्धा तास घेते हल्ली, आधी जमत नव्हतं. त्यातला एक आता फळ्यावरचं गणित स्वतः वाचतो.

काजूबी
रविवार, दुपारी १:२२

हे लिहा ना फॉर्ममध्ये!

पाणंद
सोमवार, संध्याकाळी ६:५०

फॉर्म गेला एकदाचा. वृत्तांत.

'एआय साधन वापरता का' हा प्रश्न मुलांबद्दलच धरून बाईंनी नाही केलं. ओटी_पडवी, तुमचा मुद्दा त्यांना वाचून दाखवला होता, लगेच पटला. प्रशिक्षण: शून्य. उपकरणं: शून्य, कारण फोन त्यांचा स्वतःचा आहे आणि तो शाळेच्या नावावर लिहायला त्या तयार नाहीत. शेरा लिहायला शंभर अक्षरांची जागा होती. जोडाक्षरवाल्या मुलाचं लिहिलं, पण निम्म्यात जागा संपली.

फोटोशिवाय फॉर्म पुढे सरकेना. विद्यार्थी आणि उपकरण दोन्ही हवेत. आता उपकरण कुठून आणायचं? तेवढ्यात मुलांचं आपलंच चाललं होतं: वर्गातल्या त्या फणसाच्या भांडणाचा निकाल लावायचा म्हणून एकाने परसातला फणस ओढत आणलेला, आणि काजूबिया घेणाऱ्या काकांकडून लटकवायचा काटा मागून आणलेला. काटा व्हरांड्याच्या वाशाला टांगला, फणस अडकवला. नऊ किलो दोनशे ग्रॅम. माझी लेक दहा म्हणाली होती, ती जिंकली असं तिचं म्हणणं.

बाईंनी तोच फोटो काढला, मुलं पाठमोरी उभी करून. चेहरे नाहीत, काटा आणि फणस स्पष्ट. फॉर्मने उपकरण म्हणून मान्य केला.

शिक्का लगेच आला: 'वाटचालीत'.

सड्यावरचा_गुरुजी
सोमवार, संध्याकाळी ७:०२

भिंतीवर रंगवू नका म्हणजे झालं.

बांगडा_फ्राय
सोमवार, संध्याकाळी ७:०४

ता सगळा ऱ्हवांदे. कापो होतो की बरको?

पाणंद
सोमवार, संध्याकाळी ७:१०

कच्चो होतो. आज पोषण आहारात भाजी केली.